मतदान झाल्यावर सांगू

आरोग्यमंत्री झाल्यावरसुद्धा त्यांना कोणी मॅडम म्हणत नसे. खात्याचे सचिव सिस्टर म्हणत, दारावरचा शिपाई सिस्टर म्हणे, आणि विरोधी पक्षातला एखादा आमदार तावातावाने बोलायला उठला तरी सुरुवात 'सिस्टरांना मी विचारू इच्छितो' अशीच करी. सरकारी रुग्णालयातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. शहरातल्या कितीतरी मतदारांना जन्मल्याबरोबर त्यांनी पाय धरून उलटं केलं होतं आणि पाठीवर चापट्या मारल्या होत्या. प्रचारसभेत त्यांचे यजमान याचा पुरेपूर फायदा घेत. माइक हातात आला की म्हणत, "तुम्हाला पहिलं रडवलंय ते हिनेच. तेव्हा आता तिला मत देऊन मोकळे व्हा."

यजमान गाडी चालवायला शिकवत. त्यांना सगळे सर म्हणत. शेजारच्या सीटखाली वेगळा ब्रेक बसवलेली एक जुनी गाडी, आणि तिच्यात बसून लोकांना न ओरडता शिकवण्याची हातोटी, एवढ्या भांडवलावर त्यांचा धंदा चालला होता. निम्म्या शहराने स्टिअरिंग त्यांच्याकडेच धरलेलं. त्यामुळे चौकात कोणी चुकीच्या बाजूने घुसलं की बायकोसह सगळे सरांकडे बघत आणि सर मान फिरवत.

सिस्टरांना राजकारणाची हौस नव्हती. झालं असं की रुग्णालयात नव्या नर्सेस कंत्राटावर घ्यायला लागले. वर्ष भरत आलं की त्यांना कागदोपत्री काढून टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचं, म्हणजे कायम करायला नको. त्यांतली एक मुलगी सात महिन्यांची गरोदर असताना तिला असंच काढलं आणि परत घेतलंच नाही. सिस्टर अधीक्षकांकडे गेल्या. अधीक्षकांनी हात झटकले. वरून आदेश आहेत, मी काय करणार. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर घरी न जाता त्या गणवेशातच पोर्चमध्ये जमिनीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशेजारी आणखी नर्सेस बसल्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. काम चोख करायचं आणि पाळी संपली की येऊन बसायचं. रुग्णांचे नातेवाईक त्यांच्यातून वाट काढत ये-जा करायचे, आणि करता करता विचारायचे, तुम्हाला काय झालंय? मग एकीने तरी सांगायचं. शहरभर बातमी व्हायला तेवढं पुरलं. सरकारला त्या मुलीला परत घ्यावं लागलं.

निवडणुका आल्या तेव्हा पक्षाचे कार्याध्यक्ष स्वतः घरी आले. त्यांना सगळे काका म्हणत. मऊ बोलणारा, खिशात खोकल्याच्या गोळ्या बाळगणारा माणूस. कार्यकर्त्यांच्या मुलांच्या परीक्षांच्या तारखासुद्धा त्यांच्या लक्षात असत. ते म्हणाले की पोर्चमध्ये बसून एक मुलगी परत घेता येते, सभागृहात बसलात तर सगळ्याच कायम होतील. सिस्टरांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "शिकायला गाडी चालवावी लागते. बाजूला बसून कोणाला येत नाही."

पहिल्या पाच वर्षांत त्या मागच्या बाकावर बसून शिकल्या. प्रश्न कसा लावून धरायचा, सचिवाला कोणत्या वेळी गाठायचं, भाषणात कुठे थांबायचं. दुसऱ्यांदा निवडून आल्या तेव्हा त्यांचा पक्ष जेमतेम सत्तेत आला आणि कंत्राटी नर्सेसना कायम करण्याचं विधेयक छापून तयार झालं. ते सभागृहात यायच्या आतच पक्षातला एक गट फुटला. सरकारला विश्वासदर्शक ठरावाला सामोरं जायचं होतं, आणि उरलेल्यांपैकी आणखी कोणी फुटू नये म्हणून सगळ्या आमदारांना बसमध्ये घालून तळ्याकाठच्या एका हॉटेलात नेऊन ठेवलं.

हंगाम संपलेला होता. पोहण्याच्या तलावातलं पाणी काढून टाकलं होतं आणि तळाशी पाचोळा साचला होता. सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत जमा झाले, प्रत्येकावर खोलीची चिठ्ठी चिकटवून. राज्य चालवणारी माणसं दिवसभर पत्ते कुटत होती, पोट साफ होत नाही म्हणून कुरकुरत होती. सिस्टरांनी मॅनेजरकडून रक्तदाब मोजायचं यंत्र मिळवलं आणि रोज सकाळी व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या. सगळ्यांचाच दाब वाढलेला. त्या म्हणत, हे सरकारचं लक्षण आहे, तुमचं नाही. लोक हसत आणि बाही खाली करत.

मतदानाला दोन दिवस उरले असताना काकांनी त्यांना मॅनेजरच्या खोलीत बोलावलं आणि फोन हातात दिला. सरांच्या छातीत दुखलं होतं. रुग्णालयात दाखल केलं होतं, लेक जवळ होती.

"काय आमदारबाई," सर म्हणाले, "जेवायला काय देतात?"

"कार्डिओग्राम काढला? डॉक्टर काय म्हणाले?"

"तू मला पेशंटसारखं विचारू नकोस."

त्यांचा आवाज थकलेला होता, पण शब्द धड उमटत होते. सिस्टरांनी ते आपोआप टिपलं. मग विचारलं, "मी येऊ का?"

सर म्हणाले, "येऊन काय करणार? इथे काय नर्सांचा तुटवडा आहे? मत देऊन ये. मी काही पळून जात नाही."

मग लेकीने फोन घेतला. लेक शाळेत गणित शिकवायची; बापासारखीच हळू बोलायची. ती एवढंच म्हणाली, "आई, तू ये."

"परवा मतदान आहे. झालं की तशीच निघते."

लेकीने फोन ठेवला. काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी अडवलं नाही, हे सिस्टर पुढे कोणी विचारलं तर आवर्जून सांगत. ते म्हणाले, "जायचं असेल तर गाडी तयार आहे. मात्र एक मत कमी पडलं तरी आपण पडतो. मग तुमच्या पोरींचं विधेयक रद्दीत जाईल, हे मी तुम्हाला सांगायला नको."

शब्द धड आहेत, डॉक्टर चांगले आहेत, लेक जवळ आहे, असा सिस्टरांनी हिशेब मांडला. असा हिशेब वॉर्डात त्यांनी हजारदा केला होता आणि बहुतेक वेळा तो बरोबर आला होता. त्या व्हरांड्यात परत गेल्या आणि पुढच्या आमदाराच्या दंडाला पट्टा बांधला.

मतदानाच्या दिवशी नाश्त्याला काका त्यांच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. ते प्रत्येकाजवळ जात होते, पाठीवर हात ठेवत होते, त्यांना मात्र वळसा घालून गेले. बातमी वाईट असली की तरुण डॉक्टर नातेवाइकांना असंच टाळतात, हे सिस्टरांनी आयुष्यभर पाहिलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि चहाचा कप उचलला. डोक्यात काहीतरी उगवत होतं, त्यावर त्यांनी झाकण ठेवलं. बसमध्ये त्या खिडकीजवळ बसल्या.

सभागृहात एकेकाचं नाव पुकारत होते. ज्याचं नाव येई त्याने उभं राहून होय किंवा नाही म्हणायचं. सिस्टरांचं नाव आलं. त्या उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात "होय" म्हणाल्या. सरकार थोडक्यात वाचलं. बाकं वाजली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. काकांनी त्यांना खुणेने बाहेर बोलावलं. बाहेरच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याची टाकी होती, तिथे ते दोघंच होते.

"सर गेले," काका म्हणाले. "आज सकाळी."

"सकाळी कधी?"

"नाश्त्याच्या आधी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं. मतदान झाल्यावर सांगू, असं मीच सगळ्यांना बजावलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या, सिस्टर."

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. टाकीवरचा पेला घेतला, विसळला, भरला आणि सावकाश पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "गाडी बोलवा."

रस्ताभर त्या रडू यायची वाट पाहत होत्या. थांब्यावर उभं राहून बसची वाट पाहतात, तशी. ते आलं नाही. वॉर्डात कोणी दगावलं की पुढे काय काय करायचं याचा एक क्रम ठरलेला असतो: डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी बांधायची, घरच्यांना कळवायचं, चादर बदलायची. त्यांच्यासाठी इथे त्यातलं काहीच उरलं नव्हतं. सगळं लेकीने केलं होतं.

घरात माणसं होती. अंगणात शिकवणीची गाडी उभी होती. लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, "वाचलं ना सरकार?"

"वाचलं."

लेकीने मान हलवली आणि आत गेली. सगळं आटोपल्यावर तिने दुसऱ्या शहरातल्या शाळेत नोकरी धरली. भांडण झालं नाही. भांडायला समोरासमोर बसावं लागतं, तेवढंही ती बसली नाही. महिन्याकाठी फोन येई, घराचा कर भरला का, गॅसची नळी बदलली का. बापाचा विषय निघत नसे.

थोड्याच दिवसांत काका पुन्हा घरी आले. मंत्रिमंडळाचा विस्तार होता, आरोग्य खातं सिस्टरांना द्यायचं ठरलं होतं. ही भरपाई आहे हे दोघांनाही कळत होतं, दोघांनीही तसं बोलून दाखवलं नाही. सिस्टर हो म्हणाल्या. नाही म्हणायला काही कारण मनात यायला हवं होतं, ते आलं नाही.

आणि मंत्री म्हणून त्या उत्तम ठरल्या. त्याचं कारण त्या स्वतः जाणून होत्या: त्यांच्या मनाला काही लागतच नव्हतं. औषध पुरवणाऱ्यांनी आडून धमकी दिली, त्यांनी ती रक्ततपासणीचा अहवाल वाचावा तशी वाचली आणि बाजूला ठेवली. गैरहजर डॉक्टरांच्या बदल्या केल्या, त्यांच्या बायका रडत आल्या, त्यांनी पाणी दिलं आणि आदेश कायम ठेवला. वर्तमानपत्रांनी पोलादी सिस्टर म्हणायला सुरुवात केली. कात्रण कोणीतरी फ्रेम करून आणलं. त्यांनी ते टेबलाखाली ठेवलं, तिथे ते पायाला लागत राहिलं.

विधेयक मंजूर झालं. पण अर्थखात्याने टप्पे पाडले. आधी जुन्या नर्सेस कायम होतील, बाकीच्या पुढच्या टप्प्यात. जुन्या कायम झाल्या, पेढे घेऊन आल्या. सिस्टरांनी पेढा तोंडात टाकला, तो गोड आहे एवढं कळलं.

एकदा त्यांच्या जुन्या वॉर्डातल्या मावशी भेटायला आल्या. मावशी म्हणजे वॉर्डाची झाडलोट आणि धुणंपुसणं बघणारी बाई. दोघींनी कितीतरी पाळ्या एकत्र काढल्या होत्या. तो वॉर्ड बंद करून नव्या इमारतीत हलवायचा आदेश सिस्टरांच्या सहीने निघाला होता. जुन्या इमारतीच्या छताला तडे गेले होते, निर्णयात खोट काढायला जागा नव्हती. मावशी खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि खोलीभर बघत राहिल्या.

"बरोबर असेल तुझं," त्या म्हणाल्या. "छत पडून कोणी मेलं असतं. त्यासाठी नाही आले मी."

"मग?"

"पूर्वी मूल दगावलं की तू जेवायची नाहीस. डबा मला द्यायचीस. आता तुझ्याकडे बघितलं की वाटतं, तू रोज वेळेवर जेवत असशील."

सिस्टर म्हणाल्या, "हो, जेवते." मावशींनी त्यांच्या हातावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि चहा न घेता उठल्या. पुढची बैठक ठरलेल्या वेळी सुरू झाली.

सत्तेची मुदत संपत आली असताना पुन्हा एक गट फुटला. पुन्हा बस, पुन्हा हॉटेल. या वेळी डोंगरावरचं. काका आता काठी घेऊन चालत. फोनची पिशवी सांभाळायची आणि मजल्यावरच्या आमदारांवर लक्ष ठेवायचं काम त्यांनी सिस्टरांवर सोपवलं. सिस्टरांवर सगळ्यांचा विश्वास होता, शिवाय त्या डळमळणार नाहीत याची काकांना खात्री होती.

आमदारांत एक तरणाबांड पोरगा होता, पूर्वी राज्याच्या फुटबॉल संघात खेळलेला. त्याला सगळे गोलकीपर म्हणत. पहिल्यांदाच निवडून आलेला, बायकोशी बोलू द्या म्हणून सारखा पिशवीभोवती घुटमळायचा. मतदानाच्या आदल्या दुपारी पिशवीतला त्याचा फोन वाजत राहिला. थांबला की पुन्हा वाजे. शेवटी सिस्टरांनी तो उचलला. त्याची बायको होती. त्याचे वडील जिन्यावरून पडले होते, डोक्याला मार होता, शुद्ध हरपली होती, आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवत होते.

सिस्टर फोन घेऊन काकांकडे गेल्या. काकांनी ऐकून घेतलं, डोळे मिटले, खिशातून खोकल्याची गोळी काढली आणि ती हातातच ठेवली. मग म्हणाले, "उद्या मतदान झाल्यावर सांगू."

तेच शब्द होते, आणि काकांच्या लक्षात आलं नव्हतं. आता तरी संताप येईल असं सिस्टरांना वाटलं. आला नाही. त्या वळल्या, गोलकीपरच्या खोलीत गेल्या, त्याला बसायला सांगितलं आणि घडलं तेवढं सरळ सांगितलं. मग आपल्या ड्रायव्हरला बोलावून गोलकीपरला गाडीत बसवलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा काका काठी टेकत बाहेर आले.

"सिस्टर, आपण पडतोय."

"हो."

"तुमच्या मनात माझ्याविषयी एवढा राग होता, तर इतकी वर्षं..."

"राग नाही, काका," सिस्टर म्हणाल्या. "राग असता तर बरं झालं असतं."

काका पायरीवरच बसले. सिस्टरांनी त्यांची नाडी बघितली, ती ठीक होती, आणि हाताला धरून त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सरकार पडलं. गोलकीपरचे वडील तोवर शुद्धीवर येऊन कॉफी मागत होते. मार वरवरचा होता, कपाळाला टाके पडले होते, बाकी काही नाही. गोलकीपरला क्रीडा खात्याचं राज्यमंत्रिपद कबूल झालेलं होतं, ते हुकलं. तो सिस्टरांकडे आला तो धुमसतच. म्हणाला की तुम्ही नर्स ना, मग फोनवर नीट चौकशी करायची होती, मला घाबरवून कशाला पाठवलंत. पुढच्या महिन्यात तो सत्तेवर आलेल्या पक्षात गेला. नव्या सरकारने नर्सेसचा पुढचा टप्पा स्थगित केला. एक कंत्राटी नर्स घरी येऊन दारातच उभी राहिली. तिने विचारलं, सिस्टर, एका माणसासाठी तुम्ही आम्हा सगळ्यांना वाऱ्यावर सोडलंत, असं म्हणतात ते खरं का? सिस्टर म्हणाल्या, खरं आहे. ती मुलगी आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली आणि मग निघून गेली.

त्या आठवड्यात लेकीचा फोन आला. महिन्याच्या फोनची वेळ नव्हती.

"पेपरात वाचलं," ती म्हणाली. "त्याला गाडी दिलीस."

"दिली."

"त्याचे बाबा वाचले?"

"त्यांना फारसं काही झालंच नव्हतं."

लेक हसली. हसता हसता तिचा श्वास अडकला. सिस्टर फोन कानाला धरून उभ्या राहिल्या.

"परक्याला पाठवलंस, आई. मग तेव्हा स्वतः यायला तुला काय झालं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे वर्षानुवर्षं तयार होतं: विधेयक, पोरी, एक मत. त्यातलं काहीच तोंडून निघालं नाही.

"मला वाटलं, ते थांबतील," त्या म्हणाल्या.

लेकीने या वेळी फोन ठेवला नाही. मग बोलायची पाळी आपली असल्यासारखं ती म्हणाली की दारात दूधवाला आलाय, नंतर बोलू.

पुढच्या निवडणुकीत पक्षाने सिस्टरांना तिकीट दिलं नाही. निर्णय सांगायला काकांच्या जागी आलेला नवा माणूस घरी आला, त्याने पुष्कळ प्रस्तावना केली. सिस्टरांनी त्याला मध्येच थांबवून समजलं म्हणून सांगितलं. सरकारी बंगला सुटला होता, गाडी गेली होती. शिकवणीची गाडी त्यांनी सरांच्या एका विद्यार्थ्याला देऊन टाकली, तो तिच्यावर लोकांना शिकवू लागला. लोक अजून कामं घेऊन येत. त्या चिठ्ठी लिहून देत, काही कामं होत, काही होत नसत.

वर्षभराने लेकीच्या पित्ताशयात खडे निघाले. शस्त्रक्रिया ठरली. तिने फोन करून सांगितलं आणि म्हणाली, "तुला आता कुठे अधिवेशन आहे? ये."

सिस्टर गेल्या. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्या बसल्या. आतल्या बाजूला त्या जन्मभर वावरल्या होत्या. बाहेरचा हा बाक किती अरुंद असतो आणि दार उघडलं की माणूस कसा उगाचच उभा राहतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दार पुन्हा पुन्हा उघडलं, त्या दर वेळी उभ्या राहिल्या. शेवटी एक तरुण नर्स आली, सगळं नीट झालं म्हणाली आणि घाईने परत गेली. सिस्टरांनी तिला ती कायम आहे की कंत्राटी, हे विचारलं नाही.

लेकीला घरी आणल्यावर दोघींचे खटके उडायला लागले. लेकीला खिडकी उघडी हवी, सिस्टरांना वाटे वारा लागेल. लेक म्हणे भाजीत मीठ नाही, सिस्टर म्हणत अळणीच खायचंय. एका दुपारी त्या टाक्यांची पट्टी बदलत असताना लेकीने छताकडे बघत विचारलं, "बाबांसाठी तू कधी रडलीस?"

"नाही."

"मीसुद्धा नाही. आधी धावपळ होती, आणि मग तुझा राग होता."

"अजून आहे?"

लेकीने विचार केला. "आहे. पण पूर्वी कसा, सकाळी उठल्याबरोबर असायचा. आता कामं आटोपल्यावर येतो."

सिस्टरांनी पट्टीची कड दाबून बसवली. दुखलं का, म्हणून विचारलं. थोडंसं, लेक म्हणाली. मग म्हणाली की उद्याचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर, मला अजून वाकता येत नाही. सिस्टर बाहेरच्या खोलीत गेल्या, शेजारणीला फोन लावला आणि आपण इतक्यात येत नाही, कुंड्यांना पाणी घाल, म्हणून सांगितलं. किती दिवस, असं शेजारणीने विचारलं. ते त्यांना सांगता आलं नाही. आतून लेक हाक मारत होती, खिडकी कोणी लावली म्हणून.